पलीकडे गेलीस तेव्हा

रविवार, रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर मी जरा जास्तच बोललो. "कशाला तडमडायला गेली होतीस तिकडे" हे तर तोंडातून जायलाच नको होतं. पण अडीच तास फोन लागेना. दक्षिण सायप्रसमधलं, लिमासोलचं तुझं सिमकार्ड पलीकडे उत्तर भागात चाललंच नाही, हे इथे साताऱ्यात बसून मला कसं कळायचं? आई देवापाशी बसली, मी गॅलरीत फेऱ्या घालत राहिलो. तुझा काका भिंतीवरून डोकावून "काय झालं" विचारून गेला. तो बोलला म्हणजे माझा चेहरा काय झाला असेल बघ.

निकोसियाला, त्या दोन भागांत वाटलेल्या राजधानीला, जायला माझी ना नाही. आठवडाभर राबतेस, एक दिवस बसने फिरून आलीस, बरंच केलंस. फक्त पासपोर्ट सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात होता हे हसत हसत सांगितलंस ना, तिथे माझं डोकं फिरलं. लेड्रा रस्त्यावर अलीकडे पासपोर्ट दाखवायचा, चार पावलांवर पलीकडे पुन्हा दाखवायचा. त्या उत्तरेकडच्या राज्याला तुर्कस्तानशिवाय कुणाची मान्यता नाही. आपलं हायकमिशन दक्षिणेत. तिकडे पासपोर्ट गेला असता तर अलीकडे आली असतीस कशी? असो. पुन्हा तेच सुरू झालं माझं.

झोप येईना म्हणून वाचत बसलो. १९६३ च्या डिसेंबरात तिथल्या ग्रीक आणि तुर्की लोकांत दंगली पेटल्या तेव्हा एका इंग्रज जनरलने शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली, म्हणून दोन बाजूंमधल्या त्या सीमेला ग्रीन लाइन म्हणतात. १९७४ त तुर्की फौज उतरली आणि रेघ बेटभर झाली, १८० किलोमीटर. तू चालत गेलीस तो रस्ता २००८ साली उघडला. आपले जनरल थिमय्या तिथे शांतिसेनेचे प्रमुख होते, १९६५ त तिथेच हृदयविकाराने गेले. हे आईला सांगितलं नाही.

पण मनू, एक गोष्ट वाचून मी उठूनच बसलो. शहराच्या ड्रेनेजचं काम १९७४ च्या आधीच सुरू झालं होतं. मग रेघ आडवी आली. दक्षिणेत नळ टाकलेले, मैलापाणी शुद्ध करायची जागा उत्तरेत, मिआ मिलिआला. तेव्हा तिकडचे अकिंजी आणि इकडचे दिमित्रियादिस, दोन्ही बाजूंचे नगरप्रमुख, १९७८ च्या सुमारास बोलायला बसले आणि काम पुरं करून घेतलं. वर पिंपं आणि काटेरी तार, खाली एकच लाइन! बत्तीस वर्षं चेंबरं उघडून बघितलेल्या माणसाला याचं काय वाटतं ते तुला सांगायला नको. आपल्या मोरीच्या नळावरून नानांच्या माघारी काय काय झालं ते तू पाहिलंच आहेस. आमच्यात दोघांपैकी एकही अकिंजी निघाला नाही.

तुझा तो फोटो मी दहा वेळा मोठा करून पाहिला. मागे गल्ली बंद केलेली, पिंपं रचलेली, तू हसतेयस. माझी नजर तुझ्या डाव्या बुटापाशी, चेंबरच्या झाकणावर. लहानपणी तुला स्कूटरवर पुढे उभी करून पंपिंग स्टेशनला न्यायचो. तू नाक दाबून विचारायचीस, "बाबा, आपलं पाणी आता कुठे गेलं?" आता एकटी परदेशात शिक्के मारून घेत फिरतेस. काकालाही मीच सांगून आलो, भिंतीवरूनच.

पुन्हा जाशील तेव्हा आधी कळव. परवानगी म्हणून नव्हे. शिपायांचे फोटो काढू नकोस. आणि पासपोर्ट आतल्या खिशात, चेनच्या.

रागावली असशील तर आईला फोन कर, मी बाजूला ऐकत बसेन.

तुझा,
बाबा

ता. क. त्या झाकणाचा जवळून एक फोटो पाठव, वरची अक्षरं दिसतील असा. वाकताना सॅक पोटाशी घे.