हॅरोल्ड रसेलचे हात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऑस्करच्या गमतीजमतींचं एक पान आलं होतं. त्यात खाली उजव्या कोपऱ्यात चार ओळींची चौकट होती. ‘रणांगणावर दोन्ही हात गमावलेला, आपलं एकमेव ऑस्कर हलाखीत विकावं लागलेला आणि नंतर विस्मृतीत गेलेला दुर्दैवी अभिनेता.’ नाव हॅरोल्ड रसेल. चार ओळींत इतक्या चुका बसवायलाही कसब लागतं. पण चुकांचं एक वेळ सोडून देईन, ‘दुर्दैवी’ काही घशाखाली उतरेना, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हात तुटलेल्या माणसांना कृत्रिम हात वापरायला शिकवणं, हे माझं एकतीस वर्षांचं काम. सिनेमातलं मला फारसं कळत नाही. पण हुक, म्हणजे कृत्रिम हाताच्या टोकाचा आकडा, कसा चालवतात ते कळतं, आणि रसेलइतका सुरेख हुक चालवणारा माणूस मी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही.

आधी रणांगणाचं बघू. रसेल जन्माने कॅनडाचा, नोव्हा स्कोशियातला. वडील लहानपणीच गेले आणि आई मुलांना घेऊन अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आली. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर हा सैन्यात दाखल झाला, पॅराशूट दलात गेला, पुढे स्फोटकांचा प्रशिक्षक झाला. तारीख 6 जून 1944. त्याच दिवशी दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होत्या आणि हा नॉर्थ कॅरोलायनातल्या छावणीत जवानांना टीएनटी हे स्फोटक हाताळायला शिकवत होता. फ्यूज सदोष निघाला, स्फोट हातातच झाला. म्हणजे शत्रू नाही, रणांगण नाही, नेहमीच्या कामाचा दिवस. माझ्याकडे आलेले बहुतेक जण असेच होते. कुणाचा हात प्रेसमध्ये, कुणाचा पट्ट्यात, आणि वर लोकांचा प्रश्न ठरलेला : ‘लक्ष कुठे होतं?’ जवानाला निदान असं कुणी विचारत नाही, असं आम्हाला वाटायचं. रसेललाही हात गेल्याचं सांगताना ‘मी लढाई पाहिलेलीच नाही’ हे सांगावं लागत असणार.

सैन्याच्या वॉल्टर रीड रुग्णालयात त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले गेले. दिसायला हातासारखे असलेले प्लास्टिकचे हात, नाहीतर स्टीलचे हुक. त्याने हुक घेतले. इथेच हा माणूस मला कळला. आमच्या विभागात येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी ‘हातासारखा दिसणारा हात’ मागतो, आणि त्यात चूक काहीच नाही, बाहेर पडायचं असतं, लोक बघतात. पण तसा हात बहुतेक वेळा खिशात ठेवायच्या कामाचा. काम हुक करतो.

तो चालतो कसा, तेही सांगते. पाठीवरून पट्टा जातो, पट्ट्याला तार जोडलेली असते आणि तार हुकाला. खांदा किंचित पुढे ढकलला की तार ताणली जाते आणि हुकाची दोन बोटं उघडतात. खांदा सैल सोडला की रबरबँडच्या जोराने मिटतात. म्हणजे पकड तुमची नसते, रबराची असते. हातोडा धरा नाहीतर कागदी कप, रबर तेवढ्याच जोराने आवळणार. कप चुरगळू द्यायचा नसेल तर खांद्याने तार अर्धवट ताणून धरायची, सगळा वेळ. जोर लावणं सोपं, जोर आवरणं महाकठीण. शिवाय हुकाला स्पर्श कळत नाही, त्यामुळे बोटांचं काम डोळ्यांनी करावं लागतं आणि दिवे गेले की माणूस थांबतो. रोज सराव करूनसुद्धा कप न चुरगळता उचलायला काही आठवडे जातात. आणि हे सगळं एका हाताचं झालं. रसेलला दोन होते.

सैन्याने त्याला घेऊन जखमी जवानांवर एक माहितीपट केला होता, ‘डायरी ऑफ अ सार्जंट’. तो दिग्दर्शक विल्यम वायलरच्या पाहण्यात आला. वायलर स्वतः युद्धात बॉम्बर विमानातून चित्रण करताना ऐकण्याची शक्ती बरीचशी गमावून परतला होता, त्यामुळे त्याला यातलं थोडंफार घरचंच असावं. युद्धावरून परतलेल्या तिघांची गोष्ट तो करत होता, ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’. मूळ कादंबरीतला होमर हा खलाशी मेंदूला इजा होऊन अंगावरचा ताबा गेलेला असा आहे. तसा झटके देणारा अभिनय कुणी केला तर तो खोटा वाटेल, अशी वायलरला धास्ती होती. रसेल दिसल्यावर त्याने होमरच बदलला, त्याला हात गेलेला केला आणि भूमिका रसेललाच दिली. निर्माता सॅम्युएल गोल्डविनने रसेलला अभिनयाच्या शिकवणीला पाठवलं, ते कळल्यावर वायलर भडकला. त्याला नट नकोच होता.

हा चित्रपट मी आमच्या विभागात लॅपटॉपवर किती वेळा लावला असेल, मोजलेलं नाही. जवळजवळ तीन तासांचा आहे, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने. समीक्षक बारमधल्या प्रसंगाविषयी भरभरून लिहितात. पुढे होमर आणि त्याचा काका पियानो वाजवतात आणि मागे, पार टोकाला, टेलिफोनच्या खोक्यात तिघांपैकी दुसरा, म्हणजे नट डाना अँड्र्यूज, प्रेयसीला नकार कळवतो, दोन्ही एकाच चौकटीत स्वच्छ दिसतं. ग्रेग टोलंडचं छायाचित्रण. असेल ते थोर. माझ्या रुग्णांपैकी एकानेही टेलिफोनकडे पाहिलं नाही. ‘मॅडम, मागे घ्या, त्याचा खांदा बघू,’ असं एक जण म्हणाला, आणि मग आम्ही सगळे हुक पियानोच्या पट्ट्यांवर उतरताना बघत बसलो.

पण मी सगळ्यांना आवर्जून दाखवायची तो प्रसंग वेगळा. लग्नाला कचरणारा होमर प्रेयसी विल्माला रात्री आपल्या खोलीत नेतो आणि झोपायच्या आधी काय होतं ते दाखवतो. अंग मुरडून पट्टा सोडवतो, हुक पलंगावर पडतात. पायजम्याचा सदरा तो कसाबसा अंगात चढवतो, पण बटणं लावता येत नाहीत. आता हे दार वाऱ्याने बंद झालं तर मला ते उघडताही येणार नाही, असं तिला सांगतो. दिवसा काडी ओढून सिगारेट पेटवणारा, सोबत्यांसमोर ऐट मिरवणारा हा पोरगा, आणि हे त्याचे उघडे स्टंप, तुटलेल्या हातांची उरलेली टोकं. विल्मा बटणं लावते. आवाज चढत नाही, हुंदका नाही. त्यात नाटक नव्हतंच, कारण रसेलच्या अंगावरचा पट्टा खरा होता.

एकदा हा प्रसंग संपल्यावर खोलीत सगळे गप्प होते. दोन्ही हात गेलेला एक तरुण होता, नुकतंच लग्न झालेला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘मॅडम, बटणं तिने लावली. नाडीचं काय?’ सगळे हसले, मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पायजम्यांना इलॅस्टिक घालायचं त्याच्या आईला सांगितलं.

आता ऑस्कर. रसेलचं एकमेव नाही, दोन, आणि तीही एकाच भूमिकेसाठी. असं दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत झालेलं नाही. मार्च 1947 च्या समारंभात साहाय्यक अभिनेत्याच्या स्पर्धेत क्लॉड रेन्स, क्लिफ्टन वेब असे कसलेले नट होते. हा नवखा काही जिंकत नाही, असं गृहीत धरून ऑस्कर देणाऱ्या अकादमीने आधीच त्याच्यासाठी एक विशेष पुरस्कार ठरवला होता, परतलेल्या जवानांना उमेद दिल्याबद्दल. आणि मग तो स्पर्धेतही जिंकला! कौतुक करायला निघालेल्या मंडळींचा अंदाज त्याच्याबाबतीत असा चुकला, याचा मला आजही आनंद होतो.

‘विस्मृतीत गेला’ हे तर आपण कुठून काढलंत? हात नसलेल्या नटाला भूमिका फारशा मिळायच्या नाहीत, कॉलेजात परत जा, असं वायलरनेच त्याला सांगितलं. तो गेला, आणि बोस्टन विद्यापीठातून पदवी घेतली. माजी सैनिकांच्या ‘ॲमव्हेट्स’ संघटनेचा राष्ट्रीय प्रमुख तीनदा झाला. 1964 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याला अपंगांच्या रोजगारासाठीच्या राष्ट्रीय समितीचं अध्यक्षपद दिलं, ते त्याने पुढे अनेक वर्षं सांभाळलं. मध्येच 1980 मध्ये ‘इनसाइड मूव्हज’ चित्रपटात कामही करून आला. हुकांनी मला सगळं उचलता येतं, फक्त हॉटेलचं बिल उचलता येत नाही, हा त्याचा आवडता विनोद. आमच्या विभागात तो इतका फिरला की शेवटी मला त्याचा कंटाळा आला होता.

राहता राहिली विक्री. 1992 मध्ये त्याने स्पर्धेत मिळालेली ऑस्करची बाहुली न्यूयॉर्कच्या लिलावात काढली, 60,500 डॉलर आले. पत्नीच्या औषधपाण्यासाठी पैसे हवेत, असं त्याने सांगितलं. अकादमीने खूप नाकं मुरडली, पण अडवू शकली नाही. बाहुली विकायची तर आधी आम्हाला द्या, हा करार अकादमी 1950 नंतरच्या विजेत्यांकडून करून घेते आणि ही त्याआधीची. बायकोची तब्येत मोठी की बाहुली, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. चित्रपट तर कुठे जात नव्हता. हॉलिवूडमधले बडे प्रस्थ ल्यू वासरमन यांनी ती विकत घेऊन अकादमीला परत दिली, ते ठीकच. जवानांना उमेद दिल्याबद्दलची दुसरी बाहुली रसेलने विकली नाही. 2002 च्या जानेवारीत, 88 व्या वर्षी तो गेला.

दुरुस्ती छापाल न छापाल, आपली मर्जी. पण चौकटीतला फोटो आपण छातीपाशी कापला आहे, हसरा चेहरा आणि टाय, बस्स. पुन्हा कधी त्याच्यावर काही छापलंत, तर कृपया हुकांसकट फोटो घ्या. ते त्याने स्वतः निवडले होते.

आपली,
एक जुनी वाचक