सही करण्याआधी

शहादा

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जरा चिडलेला वाटलास. विज्ञान-तंत्रज्ञानात सगळ्यांना वाव मिळावा म्हणून कायदा करा, असं निवेदन तुमची आयआयटीतली मुलं खासदारांना देणार आहेत. बाकीच्यांनी सह्या केल्या आणि तू अडून बसलास. बस, माझी हरकत नाही. न वाचता सही ठोकणाऱ्यापेक्षा अडून बसणारा बरा. फक्त अडण्याचं कारण खरं असावं.

मुलींना जागा दिल्या म्हणून मुलांच्या गेल्या, असं तू म्हणालास. नाही गेल्या, बाळा. आयआयटीत २०१८पासून मुलींसाठी ज्या जागा आल्या त्या आधीच्या संख्येत वाढवलेल्या आहेत, कुणाच्या काढून घेतलेल्या नाहीत. त्याआधी तिथे बी.टेक.ला शंभरात आठ-नऊ मुली असायच्या. पहिल्या वर्षी १४ टक्के आणि २०२०पर्यंत २० टक्के असं ठरलं. शिवाय जेईई ॲडव्हान्सच्या यादीत नाव आल्याशिवाय यातली एकही जागा मिळत नाही. ती परीक्षा काय असते हे मी तुला सांगायला नको. दोन वर्षं या घरात टीव्ही लागला नव्हता.

माझी नोकरी ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, त्यामुळे तुझ्या कॉलेजच्या अलीकडचं चित्र माझ्या रोजच्या डोळ्यांसमोरचं आहे. टायट्रेशनला ब्युरेटचा, म्हणजे मापाच्या काचनळीचा, शेवटचा थेंब बरोबर कुठे थांबवायचा ते मुलींना लवकर जमतं, जर्नलही त्यांचीच वेळेवर येतात. हे माझ्याच बॅचचं कौतुक समजू नकोस. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या सरकारी आकडेवारीत देशभरात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यात मुली २९.८ लाख. निम्म्याहून जास्त! आणि देशातले संशोधक मोजायला घेतले की पाचात एकही बाई भरत नाही. मग मधल्या मधे एवढ्या गेल्या कुठे? आपल्याकडे तर उत्तर ठरलेलंच आहे. बी.एस्सी.चा निकाल आणि साखरपुडा एकाच उन्हाळ्यात.

हे झालं शहाद्या-तळोद्याच्या पोरींचं. सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या पावरा आणि भिल्ल आदिवासी मुलींचं आणखी वेगळं. कुणाचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ती एकटीच. आश्रमशाळेतून जी बारावीपर्यंत पोचते तिच्या हातात ब्युरेट पहिल्यांदा येते ती माझ्याकडे. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बोटांचे ठसे द्यायला आमची माणसं चालली, ती यंत्रं बनवायला कधी चालणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. असो.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं उदाहरण तू देशीलच. १९३३मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला, त्यांनी सत्याग्रह केला आणि प्रवेश मिळवला; कुठल्या कायद्याची गरज पडली, असं म्हणशील. पण त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच संस्थेत शिकलेले. दार कुठे आहे आणि ते किती वेळ ठोठावायचं हे घरात ठाऊक होतं. धडगावच्या पोरीला ते कोण सांगणार?

आता कायद्याकडे येते. तुमच्या मुलींच्या वाढीव जागा संसदेनं केलेल्या कायद्यानं आलेल्या नाहीत, तो आयआयटींच्या पातळीवरचा निर्णय आहे. आपल्या राज्यात २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. चांगलंच झालं, पण तोही शासन निर्णय. म्हणजे कॅनॉलचं पाणी. सोडलं तर सोडलं. आपल्या विहिरीवर जसा हक्क सांगता येतो तसा त्यावर सांगता येत नाही.

आणि जिथे कायदा आहे तिथेही एक गोम आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांमधल्या प्रवेशाचा २००६चा कायदा घे. अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात, ओबीसींना २७ टक्के जागा राखीव. आयआयटी त्यात येतात. पण कायद्याच्या शेवटी जोडलेली यादी बघ. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), भाभा अणुसंशोधन केंद्र, अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र, या सगळ्यांना त्यातून सूट. प्राध्यापक भरतीचा २०१९चा कायदा आला, त्यातही अशाच संस्थांना सूट. शिकायला या, पण जिथे विज्ञान घडतं त्या खोलीबाहेर थांबा, असा याचा अर्थ मी लावते. गुणवत्ता घसरेल म्हणतात. ज्या संस्थेला इतका आत्मविश्वास आहे तिनं निदान आपल्याकडे कोण कुठून आलं याचे आकडे तरी दरवर्षी लोकांपुढे ठेवावेत.

अमेरिकेत २०२२ साली चिप्स अँड सायन्स कायदा झाला. चिप कारखान्यांच्या पैशांमुळे तो गाजला, पण त्यात विज्ञानातल्या सहभागाबद्दलही कलमं आहेत: संशोधनाचे पैसे कुणाला मिळतात त्याची नोंद ठेवायची, मूल किंवा म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या संशोधकाला मुदत वाढवून द्यायची. त्यासाठी झटलेल्या खासदार एडी बर्निस जॉन्सन मूळच्या नर्स. कोपऱ्यातल्या माणसाला काय अडतं हे नर्सला कळतं, याचं मला नवल नाही.

तेव्हा निवेदन पुन्हा वाच. नुसत्या प्रवेशाच्या जागा मागितल्या असतील तर ते अर्धवट आहे. सूट दिलेल्या संस्थांची यादी, आकडे जाहीर करण्याची सक्ती, लग्न-बाळंतपणानंतर परत येणारीला वयाची अट शिथिल आणि धडगावसारख्या तालुक्यातल्या शाळेला खरीखुरी प्रयोगशाळा, एवढं त्यात घालायला लाव. घालायला तयार नसतील तर वाद घाल, तो तुला छान येतो. घातलं तर सही कर, आणि एक प्रत मला पाठव. आमच्या स्टाफरूममधून आपल्या खासदारांकडेही ती जाऊ दे.

पप्पा मूग विकायला दोंडाईच्याला गेलेत. आजी विचारते, "पोऱ्या कवय येस?" दिवाळीचं तिकीट काढलंस का ते कळव.

तुझी,
आई