नळ दाखवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,
सप्रेम नमस्कार.

बालवाडीत तुम्ही मला शिकवलंत. पण बालवाडी सुटल्यावरही तुम्ही माझा हात सोडला नाहीत, आज आभार मानायचे आहेत ते त्याचे.

पहिलीच्या वर्गातली भाषा माझ्या घरची नव्हती. तहान लागली तरी पाणी कसं मागायचं, ते येत नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला तिथं नेलंत, नळ दाखवलात आणि नव्या गुरुजींना आमच्या भाषेतला पाण्याचा शब्द शिकवलात. एकच शब्द! त्याच्या आधारावर मी पहिला आठवडा काढला.

माध्यमिकला जाताना तुम्ही तिथल्या बाईंना चिठ्ठी दिलीत. मला काय येत नाही, ते गुणपत्रिकेत होतंच. तुम्ही लिहिलं होतं, ‘दुसऱ्याला समजावून सांगताना हिला स्वतःला उमगतं. शेजारी कुणीतरी बसवा.’

कॉलेजच्या फॉर्मवर ‘पालकांचे शिक्षण’ या रकान्यापाशी माझं पेन अडलं. ‘शाळेत गेले नाहीत, असं सरळ लिही,’ तुम्ही म्हणालात, ‘तुला इथवर त्यांनीच आणलंय.’ प्रवेश झाला आणि घरचे निर्धास्त झाले. तुम्ही मात्र वर्ग सुरू होईपर्यंत दर आठवड्याला फोन करत होतात. फी भरलीस का? वसतिगृहाचा अर्ज दिलास? शाळा सोडल्याचा दाखला घेतलास?

तेव्हा मला वाटायचं, बाई उगाच काळजी करतात. आता मी याच कामात आहे, म्हणून कळतं. प्रवेश पक्का झालेली कितीतरी मुलं पहिल्या तासाला पोचतच नाहीत. अमेरिकेतले अभ्यासक या गळतीला ‘समर मेल्ट’ म्हणतात. वेळेवर नुसती आठवण केली तरी त्यातली काही मुलं टिकतात, असं त्यांना आढळलं. तुम्ही ते कुठल्याही अभ्यासाशिवाय ओळखलं होतंत.

१९८९ चा बालहक्क करार मुलांची गळती कमी करायला सरकारांना बांधून घेतो, पण त्यातलं मूल १८ वर्षांखालचं. मला अठरा पूर्ण झाली ती कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, ऐन परीक्षेच्या तोंडावर, आणि मुलांसाठी म्हणून मिळणारी मदत थांबली. तुमचा फोन त्या आठवड्यातही आला.

उद्या एका मुलीला तिची नवी शाळा दाखवायला नेणार आहे. तिच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात, ते काल तिच्या आईकडून शिकून घेतलं.

तुमचीच,
बालवाडीतली गप्प मुलगी