वजनकाट्यावर नको, येऊरच्या चढावर बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत कारची तुलना येते, मोबाईलची तर उठसूट येते, पण आयुष्यातली पहिली रोड बाईक, म्हणजे रस्त्यावर जोरात पळवायची सायकल, घेणाऱ्याने समोरच्या दोनातली कुठली उचलावी यावर मी तरी कधी काही वाचलं नाही, म्हणून म्हटलं आपणच खरडूया. वय 44, राहायला मानपाडा, नोकरी वागळे इस्टेटला, पोट सुटलेलं. डॉक्टर म्हणाले शुगर बॉर्डरवर आहे, आणि माझ्या डोक्यात सायकल शिरली. बायको म्हणाली, आधी ट्रेडमिलवरचे कपडे काढा मग सायकलचं बघू. बरोबरच आहे तिचं.

दोन सायकली मनात भरल्या. एक लाल, एक करडी, दोन्ही अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, दोन्हींना ते बोकडाच्या शिंगासारखं वळलेलं हँडल. लालला पुढे एकच चक्र आणि मागे 7 गिअर, टायर 25 मिमीचे, ब्रेक रिमवर घासणारे. करडीला पुढे दोन चक्रं आणि मागे 8 म्हणजे 16 गिअर, शिमानो कंपनीचा क्लॅरिस नावाचा गिअर सेट, टायर 32 मिमी, वायरवाले डिस्क ब्रेक. करडी 9 हजारांनी महाग आणि जवळपास किलोभर जड. दुकानदाराने काय करावं, लाल सायकल सरळ लटकत्या काट्याला अडकवली आणि म्हणाला, साहेब उचलून बघा, पिसासारखी आहे. मी उचलली. खरंच हलकी वाटली. मी पण येडा, तिथेच अर्धा पटलो. अहो माझंच वजन 83 किलो, त्यात सायकलचा एक किलो कमी झाला काय न झाला काय, वडापाव सोडला तरी तेवढं जाईल. पण दुकानात उभं असताना हे सुचत नाही.

टेस्ट राइड म्हणून त्याने बेसमेंटच्या पार्किंगमध्ये दोन चकरा मारू दिल्या, गुळगुळीत फरशी, ना चढ ना खड्डा. तिथे कुठलीही सायकल चांगलीच चालते हो.

नशीब की ऑफिसातल्या एकाकडे तीच लाल सायकल होती. त्याच्याकडून रविवारी मागून घेतली आणि सकाळी सहाला उपवनवरून आमच्या ठाण्याच्या येऊर टेकडीचा चढ धरला. पहिल्या वळणाला गिअर संपले. म्हणजे सगळ्यात हलका गिअर टाकून झाला आणि पुढे काही उरलंच नाही, मग उभं राहून पायडल मारायचे, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि बाजूने एक आजोबा चालत, हो चालत, माझ्याकडे बघत वर गेले. मी उतरलो आणि सायकल ढकलत नेली.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला, आणि हा हिशोब कुणीही करू शकतं. लालच्या पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या सगळ्यात मोठ्याला 28. 44 भागिले 28 म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचं चाक दीड फेरीपेक्षा थोडं जास्त फिरतं, सायकल साधारण सव्वातीन मीटर पुढे जाते. करडीला पुढचं छोटं चक्र 34 दात्यांचं आणि मागचं मोठं 32 चं, म्हणजे जेमतेम एक फेरी, सव्वादोन मीटर. चढावर तो एक मीटर पायातून काढायचा असतो. गिअर किती आहेत याला तसा काही अर्थ नाही, सगळ्यात हलका गिअर किती हलका तेवढं विचारा, आणि विक्रेता 7 की 16 करायला लागला की सरळ दाते मोजायला बसा. सपाटीवर, म्हणजे पाम बीच रोडला वाशी ते बेलापूर वगैरे मारणाऱ्याला लाल सायकल छान चालेल, तिथे चढ म्हणजे फ्लायओव्हरचा तेवढाच. माझ्या दाराशी मात्र येऊर आहे.

दुसरी गोष्ट टायर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मानपाड्याच्या पंक्चरवाल्याने सांगितलं. त्याने लाल सायकलच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये, टायरच्या वर बोट घालून दाखवलं, बोट जाईना. म्हणाला, यात जाडा टायर बसणारच नाही, जो आहे तोच आयुष्यभर. करडीत 32 चा टायर असूनही वर बोट आरामात फिरत होतं. बारीक टायरमध्ये माझ्या वजनाला 90-100 पीएसआय हवा भरायला लागते, 32 ला 60-65 पुरते, आणि हा फरक घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर हाताच्या तळव्यांना कळतो, जिथे मेट्रोच्या कामाने उखडलेला डांबर, मग पेव्हर ब्लॉक, मग खडी, मग परत डांबर असा प्रकार आहे. शिवाय बारीक टायरमध्ये हवा थोडी कमी झाली आणि खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं. ऑफिसवाल्या मित्राचं दोनदा झालंय.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी दुकानदाराशी पूर्ण भांडणार नाही. रिम ब्रेक साधे, कुठलाही सायकलवाला रबर बदलून देतो, डिस्कचे पॅड आमच्या गल्लीत मिळत नाहीत आणि ओली झाली की डिस्क अशी किंचाळते की सोसायटीतले कुत्रे भुंकतात. पण पावसाळ्यात रिम ओली असताना ब्रेक दाबला की आधी पाणी पुसलं जातं मग सायकल थांबते, आणि कापूरबावडीला एवढा वेळ कुणी देत नाही. वर्षातले चार महिने पाऊस, मडगार्डसाठी फ्रेमला भोकं आहेत का तेही बघाच, लालला नव्हती. नाहीतर पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसला जा.

आता तक्रार. करडी घ्यायची ठरवली, गेलो, तर माझ्या उंचीला एम साइज लागते आणि दुकानात फक्त एल. विक्रेता म्हणतो, सीट खाली करा, होऊन जाईल. सीट खाली करून पायाचं जमेल हो, पण हँडल लांब ते लांबच राहतं ना, तिथपर्यंत ताणून बसलं की मान आणि कंबर दोन्ही जातात. मी नाही म्हटलं तर चेहरा असा केला की जणू मी त्याच्या घरात जेवायला नाही म्हटलं. दुसऱ्या दुकानात गेलो, तिथल्या पोराने ओळखपत्र ठेवून घेऊन सायकल रस्त्यावर अर्धा तास चालवू दिली आणि एम मागवून दिली, तीन आठवडे लागले, लागू देत.

आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 झालाय, म्हणजे 30 हजारांच्या मूळ किमतीला सरळ 2,100 रुपयांचा फरक. पहिल्या दुकानात टॅग जुनाच होता, विचारल्यावर म्हणाला, तो जुना स्टॉक आहे. कर बिल फाडतानाच्या तारखेला लागतो, स्टॉकच्या नाही, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. आणि बजेटमध्ये हेल्मेट, लाइट, कुलूप, पंप धरा. पंप धराच, कारण या टायरचा व्हॉल्व्ह बारीक फ्रेंच पद्धतीचा असतो, आपल्या पंक्चरवाल्याचा पाइप त्यावर बसत नाही, पितळी टोपीसारखा एक अ‍ॅडॅप्टर मिळतो तो खिशात ठेवायचा. मी पहिल्याच दिवशी कासारवडवलीला हवा गेल्यावर रिक्षात सायकल कोंबून घरी आलोय.

तर माझी विनंती एवढीच की दुकानांनी टॅगवर वजनाऐवजी सगळ्यात हलक्या गिअरचे दाते, जास्तीत जास्त कुठला टायर बसतो आणि फ्रेमचा साइज मोठ्या अक्षरात छापावा, आणि गिऱ्हाइकाला बेसमेंटच्या बाहेर जाऊ द्यावं. तुमच्या पेपरने हे लावून धरलं तर बरं होईल. येऊर मी अजून एका दमात चढत नाही, मध्ये एकदा थांबतो, पण ढकलत नाही.

आपला,
एक वाचक, मानपाडा, ठाणे (प.)