तांब्यापासून सुरुवात

कोल्हापूर
२० जून

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लेक आठवीत गेली, यंदा एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसायचं म्हणते, आणि तू दुकानातून काय काय आणू म्हणून विचारतोस. दुकानाचं मागाहून बघू. आधी घरातला एक तांब्या घे आणि स्टुलावर ठेव. पहिला दीड महिना तिने रंगाला हात लावला नाही तरी चालेल, पण रोज अर्धा तास त्या तांब्यासमोर बसायला हवं. परीक्षेला चार पेपर असतात: वस्तुचित्र (समोरची वस्तू बघून), स्मरणचित्र (दिलेला विषय आठवून), संकल्पचित्र (नक्षी), आणि कर्तव्यभूमिती (कंपास-पट्टीच्या आकृत्या) व अक्षरलेखन. दिसायला चारही निराळे, पण डोळ्याला माप घ्यायची सवय वस्तुचित्रातच लागते आणि ती लागली की बाकीचे तीन जड जात नाहीत. मुलं उलट करतात. जून-जुलै रंगांच्या बाटल्यांत जातो आणि ऐन वेळी तांब्या एका अंगाला कललेला निघतो.

स्टूल खिडकीजवळ, उजेड एकाच बाजूने येईल असं ठेव. वरचा दिवा बंद. दोन बाजूंनी उजेड आला की एका वस्तूच्या दोन पडछाया पडतात आणि नवशिक्याला कुठली खरी धरावी ते कळत नाही. तिने पाच-सहा फुटांवर बसायचं. त्याहून जवळ बसली तर तांब्याचं तोंड बघताना मान खाली जाते, बूड बघताना आणखी खाली, आणि एकाच चित्रात दोन ठिकाणांहून बघितल्यासारखं होतं. ड्रॉइंग बोर्ड मांडीवर तिरका टेकवून धरायचा. कागद टेबलावर आडवा पसरला की वरचा भाग डोळ्याला आखूड दिसतो, म्हणून हात तो नकळत लांब काढतो.

माप घेताना पेन्सिल उभी धरून हात कोपरात अजिबात न वाकवता पूर्ण ताणायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक तांब्याच्या काठाशी आणि अंगठ्याचं नख बुडाशी. तेच माप आडवं करून रुंदीशी ताडायचं. कोपर दोन बोटं जरी वाकलं तरी पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं. म्हणून एकदा वाकलेल्या आणि एकदा ताठ हाताने घेतलेली मापं कधी जुळत नाहीत, आणि मुलीला वाटतं आपल्याला चित्र येत नाही. येत असतं, फक्त हात वाकलेला असतो.

आता लंबगोल. इथे मात्र घाई करू देऊ नकोस. तांब्याचं तोंड वर्तुळ आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती ते जास्त गोल काढणार. बूड टेबलावर सपाट टेकलंय हेही ठाऊक आहे, म्हणून खाली सरळ रेघ मारणार. दोन्ही चूक, कारण दोन्ही ठिकाणी डोळ्यांऐवजी माहिती चित्र काढते. हे बोलून समजत नाही. काचेचा साधा ग्लास घे, अर्धा पाण्याने भर आणि तिच्या डोळ्यासमोर धर. काठ नेमका डोळ्याच्या पातळीला आला की त्याची सरळ रेघ होते. ग्लास वीतभर खाली ने. आता तीन लंबगोल दिसतील: काठाचा चपटा, पाण्याचा त्याहून उघडा, तळाचा सगळ्यात उघडा. जो डोळ्याच्या पातळीपासून जितका खाली तितका तो जास्त उघडतो. हे तिने स्वतः बघितलं की तांब्याच्या बुडाला सरळ रेघ ती पुन्हा मारणार नाही.

काढायची रीत अशी. आधी एक उभी मध्यरेषा. तिच्यावर तोंड, गळा, पोट आणि बूड यांच्या उंच्या खुणेने घ्यायच्या. प्रत्येक खुणेवर आडवी रेषा टाकून मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखी रुंदी. मग लंबगोल पूर्ण फिरवायचे, मागचा न दिसणारा भागसुद्धा, आणि नको तो नंतर खोडायचा. लंबगोलाची टोकं लिंबाच्या देठासारखी टोकदार होतात, ती गोलच वळली पाहिजेत. दोन्ही कुशी सारख्या आहेत का ते कागदाच्या पट्टीवर अर्ध्या रुंदीची खूण करून पट्टी उलटवून तपासायचं. चित्राने कागदाचा साधारण दोन-तृतीयांश भाग व्यापावा. मुली फार लहान काढतात, आणि लहान चित्रात चूक लपते असं त्यांना वाटतं.

छायाप्रकाशात एकच गोष्ट मनावर घे: बोटाने घासायचं नाही. घासलं की शिसं कागदाच्या दाण्यात भरतं, चकचकीत राखाडी थर होतो आणि त्यावर नंतर टू-बी पेन्सिल धरतच नाही. छटा रेघांनीच आणायची, वस्तूच्या वळणाने. पितळेचा पांढरा चमचमाट आणि त्याला लागूनचा सर्वांत काळा भाग यांच्यात मऊ उतार नसतो, धारदार सीमा असते. तीच पितळ दाखवते. मातीच्या मडक्यात तोच उतार हळूहळू येतो. पडछाया वस्तू टेकते तिथे सगळ्यात गडद, पुढे फिकी. आणि तांब्याच्या अंधाऱ्या कडेला टेबलावरून परत फिरलेला उजेड असतो, तो सोडला नाही तर तांब्या कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

सामान थोडकंच लागतं. पेन्सिली एचबी, टू-बी, फोर-बी, आणि भूमितीला एक टू-एच. सिक्स-बी आत्ता नको, तिने सगळं काळं होतं. खोडरबर मऊ पांढरा. कार्ट्रिज कागद फुल शीटमध्ये मिळतो, २२ बाय ३० इंचाचा. त्याचे चार केले की ११ बाय १५ चे पाव होतात, सरावाला तेच आण. पोस्टर कलर छोट्या बाटल्यांत घे, पण पांढऱ्याची मोठी बाटली घे, तो सगळ्यात आधी संपतो. क्रिमसन, व्हर्मिलियन, लेमन यलो, यलो ऑकर, प्रशियन ब्ल्यू, अल्ट्रामरिन, बर्न्ट सिएना, काळा, पांढरा. हिरवी बाटली आणूच नकोस. ब्रश गोल, २, ४ आणि ८ नंबरचे. ब्रश पाण्याच्या डब्यात उभा ठेवू देऊ नकोस, टोक कायमचं वाकतं. पाण्याचे डबे दोन, एक धुवायला आणि एक स्वच्छ. चोवीस रंगांच्या महागड्या पेटीला भुलू नकोस. तयार रंग हाताशी असले की मिसळायला शिकणं राहून जातं.

हिरवा करताना पिवळा आधी घ्यायचा आणि त्यात प्रशियन ब्ल्यू ब्रशच्या टोकावर येईल एवढाच. हा निळा इतका जोरदार असतो की उलट केलं तर अर्धी पिवळी बाटली ओतूनही रंग उजळत नाही. वांगं क्रिमसन आणि प्रशियन ब्ल्यूचं, त्याची चकाकी जलरंगात कोऱ्या कागदाची. छाया दाखवायला काळा मिसळायची खोड आठवीतच लागते. टोमॅटोच्या लालात काळा घातला की तो नासल्यासारखा दिसतो, चिमूटभर हिरवा घातला की छाया लालच राहते, फक्त खोल जाते. जलरंग फिक्याकडून गडदाकडे जातो हे तिने पक्कं समजून घ्यावं. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. जलरंगातला तो दिव्याचा उजेड कसा उतरलाय हे छापील प्रतीतही तिला दाखव.

संकल्पचित्रात बहुतेकांचे गुण रंगाच्या घट्टपणात जातात. पोस्टर कलर दाट ताकाइतका हवा. पातळ झाला तर डाग उमटतात, घट्ट झाला तर वाळल्यावर भेगा पडतात. एका जागेला लागेल त्याच्या दीडपट रंग एकदम कालवायचा, कारण संपला की तोच रंग पुन्हा जुळत नाही. शिवाय गडद रंग वाळल्यावर फिका होतो आणि फिका किंचित गडद, म्हणून आधी चिठोऱ्यावर पट्टा ओढून वाळू द्यायचा, मग ठरवायचं. ओल्या रंगावर दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की खालचा उठून येतो. आकारांच्या बाबतीत, चौकोनाचा एक चतुर्थांश नीट काढून ट्रेसिंगने उरलेले तीन उमटवावेत. पाकळ्यांमधली मोकळी जागाही आकारच असते, तिच्याकडे पोरं बघत नाहीत. फिका, मध्यम, गडद अशा तीन छटा स्पष्ट असल्या की चार रंगांतही नक्षी उठते. शेवटी सगळ्याला काळी किनार ओढायची सवय वाईट. ती हाताचा कंप झाकत नाही, उलट दाखवते.

स्मरणचित्राला लोक घाबरतात आणि म्हणून पाठ केलेलं चित्र घेऊन जातात: दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी, नदी. विषय भाजीबाजार असो की पोळा, मागे तेच डोंगर. तुमच्या कराडचा एस.टी. स्टँड यावर उत्तम औषध आहे. आठवड्यातून एकदा तिला घेऊन बाकावर अर्धा तास बस. पिशवी घेऊन वाकलेली बाई, खांबाला टेकलेला म्हातारा, प्रत्येकाला दोनच मिनिटं, चेहरा नको, फक्त पाठीची वाकण आणि पायांवरचा भार. उभा मोठा माणूस डोक्याच्या सात-साडेसात पट उंच असतो, शाळकरी पोर साडेपाच-सहा पट. मुलांची डोकी लहान काढली की ती बुटकी माणसं दिसतात.

आणि गर्दीचं गुपित स्टँडवरच दिसतं. सपाट जमिनीवर तू उभा राहून बघतोस तेव्हा तुझ्याच उंचीची सगळी माणसं, जवळची असोत की लांबची, त्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. मुलं मागच्या माणसांची डोकी वर वर चढवतात आणि बाजार डोंगरावर भरल्यासारखा होतो. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरून तिला तिथेच ताडून बघू दे. मात्र बाकावर बसून बघितलं की ही रेषा उभ्या माणसांच्या छातीपोटाशी येते, हेही दाखव. पेपरात तीन-चार मोठ्या आकृती पुढे, बाकीच्या लहान आणि एकमेकींआड. सुट्या सुट्या ओळीने उभ्या केल्या तर चित्र होत नाही, यादी होते.

भूमितीचं फार लिहीत नाही, ती सवयीने येते. टू-एचला सतत टोक, कंपासचा स्क्रू घट्ट, रचनेच्या रेषा बारीक आणि उत्तराची आकृती ठळक. रचनेच्या रेषा खोडायच्या नाहीत. एक मात्र सांगून ठेव. दिलेल्या बाजूवर पंचकोन काढायची जी सर्वसाधारण रीत आहे, बाजूच्या मध्यावरच्या लंबावर चौकोनाच्या वर्तुळाचं केंद्र चार नंबर, षटकोनाच्या वर्तुळाचं सहा नंबर आणि त्यांच्यामधला मध्य पंचकोनासाठी पाच नंबर धरायची, ती मुळातच अंदाजी आहे. बाजू ५ सें.मी. घेतली तर चार बाजू मोजून झाल्यावर शेवटची मिलिमीटरभर कमी भरते. तेवढ्याने तिने घाबरून सगळं खोडू नये. तीन-चार मिलिमीटर फरक पडला तर मात्र कंपास मधेच सरकलाय.

अक्षरलेखनात अंतर पट्टीने मोजायचं नसतं. ‘दगड’ लिहून बघ. द आणि ड यांच्या खाली उजवीकडे पोकळी असते, ग ला सरळ दंड असतो. तिन्हींत सारखं मोजून अंतर ठेवलं तर द नंतर भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून पुढचं अक्षर पोकळीत थोडं आत घ्यायचं. अक्षराची उंची सहा भाग धरली तर वेलांटी-मात्रेला वर तीन आणि उकाराला खाली तीन भाग आधीच आखून ठेवावेत, नाहीतर शेवटची वेलांटी कागदाबाहेर जाते. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, शब्दभर एकाच दमात.

गुणांचं तू विचारलंस. वाढीव गुण दहावीला मिळतात ते इंटरमिजिएटच्या, म्हणजे एलिमेंटरीपुढच्या परीक्षेच्या, श्रेणीवर, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. इंटरमिजिएटला बसायला एलिमेंटरी आधी पास लागते, म्हणून आठवी ही योग्य वेळ. पण घरात त्या ७ गुणांची चर्चा कमी कर. पोर तांब्याऐवजी गुणांकडे बघायला लागते.

पाऊस उघडला की एखाद्या रविवारी तिला औंधला ने. कराडहून एका दिवसात होतं. तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी म्युझियममध्ये रविवर्मा आणि धुरंधर या चित्रकारांची चित्रं आहेत. वही घेऊन जा, आणि अख्खं चित्र उतरवायला सांगू नकोस. एका चित्रातला फक्त एक हात किंवा कापडाची एक चुणी, बस्स. धुरंधरांच्या गर्दीत माणसं एकमेकांना कशी झाकतात ते बघायला सांग.

पहिल्या आठवड्याची तांब्याची सातही चित्रं मला पाठव, तारखा टाकून, एकही न फाडता. घडी घालू नकोस, गुंडाळून नळीतून पाठव. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
बाळू