मागच्या सीटचाही कायदा असतो

महोदय,

दुचाकीस्वारांनी पाळायच्या नियमांची आपण दिलेली चौकट वाचली. लायसन्स, कागदपत्रे, वेग, सिग्नल, सगळे होते. फक्त मागे बसणारा माणूस नव्हता. मी गाडी चालवत नाही. गेली तीस-बत्तीस वर्षे मागे बसते. आधी वडिलांच्या, मग यजमानांच्या, आता मुलाच्या आणि भाच्याच्या. तेव्हा हे पत्र मागच्या सीटवरून आले आहे असे समजावे.

हेल्मेटपासून सुरुवात करते. ‘मागच्याला चालतं’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. मोटार वाहन कायद्याचे कलम 129 चालवणाऱ्याला आणि बसणाऱ्याला एकाच वाक्यात धरते, आणि तेही 1988 पासून. 2019 च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला त्यात घेतले. सूट आहे ती पगडी घालणाऱ्या शिखांना. याच कलमात हेल्मेट म्हणजे काय तेही सांगितले आहे: डोक्याला पट्ट्याने घट्ट बांधलेले. म्हणजे पट्टा लोंबकळत ठेवून नुसते डोक्यावर ठेवलेले टोपडे कायद्याच्या लेखी हेल्मेट नव्हेच. मला गंमत वाटली ती पुढच्या भागाची. मागच्याचे डोके उघडे असले तरी कलम 194 डी प्रमाणे दंड चालवणाऱ्याला, आणि तीन महिने लायसन्सही त्याचेच जाते. हे कळल्यापासून मुलगा निघण्याआधी माझ्या हनुवटीखालची क्लिप स्वतः तपासतो. आईच्या डोक्याची काळजी की लायसन्सची, हे मी विचारलेले नाही.

आता साडीगार्ड. भाच्याने नवी मोटारसायकल घेतली आणि आठवडाभरात साडीगार्ड काढून टाकला. ‘मावशी, त्यानं गाडीचा लूक जातो.’ गेल्या पावसाळ्यात त्याच गाडीवर माझ्या ओढणीचे टोक मागच्या चाकात गेले. गाडी हळू होती आणि ओढणी जुनी, विरलेली, म्हणून ती टरकन फाटली आणि मी सुटले. नवी असती तर हे पत्र लिहायला मी नसते. घरी येऊन मी 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123 शोधून काढला. मागे बसणाऱ्याला धरायला कायमची पकड हवी, पाय टेकायला फुटरेस्ट हवा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे आवरण हवे. नियमात साडीचा उल्लेखच नाही. ‘कपडे’ एवढेच आहे. आपणच त्याला साडीगार्ड म्हणून बायकांच्या सामानात जमा केले. रेनकोटचे टोक, मफलर, बॅगेचा लोंबता बंद, चाकाला यातले काहीही पुरते. कंपनीने नियमाप्रमाणे बसवून दिलेली वस्तू लोक स्वतःच्या हाताने काढतात, आणि ती नाही म्हणून कोणाला थांबवलेले मी तरी अजून पाहिलेले नाही.

लहान मुलांचा नियम अलीकडचा आहे. फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि मूल गाडीवर असेल तर वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. असा पट्टा मी आजवर एकाच बाळाच्या अंगावर पाहिला, आणि लोक वळून वळून त्या बापाकडे बघत होते.

ट्रिपल सीटबद्दल सांगायला नकोच. चालकामागे एकच माणूस, हे कलम 128 सगळ्यांना पाठ आहे. मोडायचे तेव्हाही पाठच असते.

सर्वात कमी माहीत असलेली गोष्ट मात्र विम्याची. दुसऱ्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला तर मागे बसलेल्याची भरपाई त्या वाहनाच्या विम्यातून मागता येते. पण आपलाच चालक चुकला तर? केवळ कायद्यापुरती काढलेली ‘थर्ड पार्टी’ पॉलिसी अशा वेळी मागे फुकट बसलेल्याची जबाबदारी घेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली एका निकालात म्हटले. थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणाऱ्या पॅकेज पॉलिसीत मात्र मागे बसणारा धरलेला असतो. विमा नियामकाने 2009 मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना हे स्पष्ट केले. गाडी नवी असताना बहुतेकांकडे पॅकेजच असते. ती जुनी झाली की ‘आता कशाला जास्त पैसे’ म्हणून नुसता थर्ड पार्टी ठेवतात. गाडीची किंमत उतरते हे खरे, पण मागे बसणारा माणूस तोच असतो.

आपल्या पुढच्या चौकटीत मागच्या सीटला चार ओळी द्याव्यात, एवढ्यासाठी हा खटाटोप. परवा मी कपाटातून आमच्या गाडीची पॉलिसी काढली. थर्ड पार्टीच निघाली. मुलगा म्हणाला, ‘आई, पुढच्या नूतनीकरणाला बघू.’ मी म्हटले, बघ. तोवर मी बसने जाते.

आपली,
एक वाचक