कारागृहात एका दिवसाचा कार्यक्रम नको, वर्षभराची तालीम हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती, दिवाळी जवळ आली की कारागृहांतल्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या बातम्या वाचायला मिळतात. बाहेरून वाद्यवृंद येतो, दोन तास गाणी होतात, पाहुण्यांचा सत्कार होतो आणि बंदी पुन्हा बरॅकमध्ये जातात. या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. भिंतीआडच्या माणसाला दोन तासांचा विरंगुळाही मोलाचा असतो. पण अशा कार्यक्रमालाच आपण पुनर्वसन म्हणू लागलो आहोत, हे खटकते. हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केल्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगतो. नाटकामुळे माणूस बदलत असेल तर तो तालमीत बदलतो. आणि ती तालीम बंद्यांनी स्वतः उभ्या केलेल्या नाटकाची हवी.

शेजारच्या कर्नाटकात हे घडले आहे. म्हैसूरच्या ‘रंगायण’ या नाट्यसंस्थेचे नट-दिग्दर्शक हुलुगप्पा कट्टीमनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारागृहांत गेले आणि ‘संकल्प’ या नावाने त्यांनी बंद्यांची नाटके बसवली. त्यात एच. एस. शिवप्रकाश यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून लिहिलेले कन्नड नाटकही होते. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या माणसाने मॅकबेथच्या गोष्टीत उभे राहायचे, हातावरचे रक्त जात नाही हे रोज संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने बोलायचे, म्हणजे काय असेल याचा विचार करावा. समुपदेशकासमोर ‘मला पश्चात्ताप झाला’ हे एक वाक्य म्हणून मोकळे होता येते, तालमीत तसे होत नाही. दिग्दर्शक थांबवतो, ‘खोटं वाटतंय, पुन्हा घे’ म्हणतो.

कोलकात्यात नृत्यांगना अलोकनंदा रॉय यांनी २००७मध्ये प्रेसिडेन्सी कारागृहात काम सुरू केले. पुढे त्यांनी बंद्यांना घेऊन रवींद्रनाथांची ‘वाल्मीकिप्रतिभा’ ही नृत्यनाटिका बसवली. वाटमाऱ्याचा कवी होतो, ही तिची कथा. आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. बंदी अलोकनंदांना ‘मा’ म्हणू लागले, आणि तुरुंगाबाहेरच्या रंगमंचावरही त्यांचे प्रयोग झाले. त्यात वाल्मीकी झालेले नायजेल आक्कारा सुटल्यावर बंगाली चित्रपटांत नट म्हणून उभे राहिले. सगळेच काही नट होणार नाहीत आणि व्हायचीही गरज नाही.

तालमीत नेमके काय होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. आधी पाठांतर. लिहिता-वाचता न येणाऱ्याला दुसरा बंदी संवाद वाचून दाखवतो आणि त्या निमित्ताने एकाची वाचनाशी ओळख होते, तर दुसऱ्याला शिकवणाऱ्याचा मान मिळतो. मग समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबायचे. रागाच्या एका क्षणात ज्याचे आयुष्य उलटेपालटे झाले त्याच्यासाठी हे थांबणे लहान शिक्षण नाही. आपल्या एन्ट्रीची वाट पाहत विंगेत गप्प उभे राहायचे. आपल्यामुळे दुसऱ्याचा प्रवेश पडू द्यायचा नाही. आणि पुरुषांच्या कारागृहात बाईची भूमिकाही पुरुषालाच करावी लागते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये. पण ज्याने घरात बायकोवर हात उचलला, त्याला त्या बायकोच्या जागी उभे राहून मार चुकवताना अंग कसे आक्रसते ते शोधावे लागते. हे कोणत्याही प्रवचनातून साधणार नाही.

इटलीतील व्होल्तेरा गावच्या किल्ल्यात तुरुंग आहे. तिथे आर्मांदो पुंझो १९८८पासून बंद्यांची नाटक मंडळी चालवत आहेत. साडेतीन दशके एकच माणूस, एकच तुरुंग. २०२३मध्ये व्हेनिसच्या बिएनाले महोत्सवाने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला, तो नाट्यकलेसाठी. मला यात सर्वांत मोठी वाटते ती सलगता. अमेरिकेत सिंग सिंग तुरुंगात १९९६पासून एक संस्था असेच काम करते आणि तिच्या नाटकांत आलेले फार थोडे बंदी सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळतात, असे ती सांगते. तो आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. स्वतःहून नाटकात येणारा बंदी बरेचदा आधीच बदलायच्या तयारीत असतो, तेव्हा सगळे श्रेय नाटकाला देणे प्रामाणिक ठरणार नाही. पण तयारीत असलेल्या माणसाला वाट मिळाली, एवढेही मला पुरेसे वाटते.

यावर येणारा आक्षेप मी टाळणार नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांनी खुन्याला टाळ्या मिळताना का पाहावे? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून असे प्रयोग गाजावाजा करून, मंत्र्यांसोबत फोटो काढून होऊ नयेत. बंद्याचे नाव आणि चेहरा बाहेर पोहोचवण्याची घाई नको. पहिला प्रेक्षक कारागृहातलाच असावा, मग मुलाखतीला येणारे नातेवाईक. मात्र ‘गुन्हेगारांची करमणूक कशाला’ हे म्हणणे मला पटत नाही. यांतले बहुतेक जण एक दिवस सुटून आपल्याच गल्लीत, आपल्याच एसटीत येणार आहेत. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशातले ७५.८ टक्के बंदी न्यायाधीन होते, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. कारागृहांत तेव्हा क्षमतेच्या १३१ टक्के माणसे कोंबलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतील १०५वा नियम सर्व कारागृहांत बंद्यांच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्यासाठी सांस्कृतिक उपक्रम असावेत, असे सांगतो.

महाराष्ट्राला हे परके नाही. औंध संस्थानाने १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे बंदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. एवढा विश्वास आपण तेव्हा दाखवला होता. काही वर्षांपूर्वी राज्यातल्या कारागृहांमध्ये तुकोबांच्या नावाने भजन-अभंग स्पर्धा झाली, तेव्हा बंद्यांनीच भजनी मंडळे उभी केली. या बंद्यांत झाडीपट्टीतल्या गावांचे लोक असतील, दशावतार पाहत वाढलेले कोकणातले असतील, तमाशाची ढोलकी कानात असलेले असतील. नाटक, पडदे आणि प्रेक्षक यांची ओळख त्यांना नव्याने करून द्यावी लागणार नाही. कारागृहांत सुतारकामाचे आणि शिलाईचे कारखाने आहेत, नेपथ्य आणि कपडे तिथेच होतील.

अडतो तो सातत्याचा प्रश्न. आमच्या संस्थेने एका कारागृहात एकांकिका केली, त्यानंतर बंद्यांसोबत काम करण्याची तयारी कळवली. अधीक्षक उत्साही होते. त्यांची बदली झाली आणि विषय मिटला. हे सर्वत्र होत असणार, कारण सगळे एका अधिकाऱ्याच्या आवडीवर उभे असते. बंद्यांचेही तसेच. कोणाची तारीख लागते, कोणाला जामीन मिळतो, कोणी संचित रजेवर, म्हणजे शिक्षेदरम्यान मिळणाऱ्या सुटीवर, जातो, कोणाला दुसऱ्या कारागृहात हलवतात. म्हणून प्रत्येक भूमिकेला दुसरा माणूस तयार ठेवावा लागेल, न्यायाधीन बंद्यांसोबत लहान नाटुकली घ्यावी लागतील. ही अडचण तंत्राची आहे आणि रंगकर्मींना ती सोडवता येते.

माझी मागणी साधी आहे. कारागृह व सुधारसेवा विभागाने सांस्कृतिक कार्य संचालनालयासोबत बसून प्रत्येक मध्यवर्ती कारागृहासाठी मानधनावर एक नाट्यप्रशिक्षक नेमावा, किमान वर्षभरासाठी, आठवड्याचे ठरलेले दिवस देऊन. महिला बंद्यांपासून सुरुवात झाली तर अधिक चांगले, कारण त्यांतल्या अनेकींना भेटायला घरचे फिरकतही नाहीत. संचालनालय दर वर्षी राज्य हौशी नाट्य स्पर्धा घेते. तिच्या परीक्षकांनी एखाद्या दिवशी कारागृहात जाऊन तिथला प्रयोग पाहावा आणि इतर संघांना देतात तशी परखड टिपणे त्या संघालाही द्यावीत.

आमच्यासारख्या अनेक हौशी संस्था यासाठी वेळ द्यायला तयार आहेत. आपल्या वार्ताहरांनी या दोन्ही कार्यालयांकडे विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर छापावे, ही विनंती.

आपला,
एक हौशी रंगकर्मी, सातारा